पत्रिका छापायला गिरगावात

तुमच्या घरी यंदा कार्य निघाले आहे काय? निघाले असेल तर बस्ता, मांडव, आचारी, वाजंत्री यांच्या जोडीला एक काम तुमच्या मागे लागलेच असेल. ते म्हणजे पत्रिका. कागदाचा एवढासा तुकडा, पण त्यावरून घरात जेवढी वादावादी होते तेवढी सोन्यावरूनही होत नसेल. मामाचे नाव वर की आत्याच्या यजमानांचे, वाटण्या झालेल्या चुलत्याला निमंत्रकांत घ्यायचे की आशीर्वाद देणाऱ्यांत बसवायचे, हे ठरता ठरता आमच्या घरी दोन रात्री गेल्या.

आमच्या घरी कार्य होते थोरल्या दादांच्या मुलीचे. वैशाखातला मुहूर्त, स्थळ कऱ्हाडकडचे. पण मी तुम्हाला सांगणार आहे ते लग्नाविषयी नव्हे. दादांचा धाकटा मुलगा बी. ए. झालेला, संगणकाचा कोर्स केलेला, आणि वर्षभर घरीच. त्याच्या डोक्यात आले की आपण तालुक्याला पत्रिका छापण्याचे दुकान टाकावे. हौस चांगली, हातात कलाही आहे. पण त्याने कुठेतरी एक जुने छपाईयंत्र पाहून ठेवले होते, अडीच लाखांचे. त्यासाठी गोठ्यातल्या दोन दुभत्या म्हशी विकायच्या आणि उरलेले पैसे कर्जाऊ काढायचे, असा बेत बापलेकांनी ठरवला होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी धार काढायला गेल्या त्या बराच वेळ गोठ्यातून बाहेर आल्याच नाहीत. तेव्हा मी दादांना म्हणालो, "म्हशी आठ दिवसांनीही विकता येतील. आधी याला मुंबईला नेऊन तो धंदा दाखवून आणतो. पत्रिकाही तिथूनच आणू."

असे आम्ही चुलते-पुतणे रात्रीच्या एस. टी.ने निघालो ते पहाटे दादरला उतरलो. तुम्ही कधी पहाटे दादरला उतरलात तर स्टेशनाजवळच्या फुलबाजारात एक फेरी जरूर मारा. आपल्या रानातला झेंडू, शेवंती तिथे पाट्यांतून ओतलेली असते, आणि आपण ज्या भावाने देतो व तिथे ज्या भावाने जाते ते ऐकून थोडा वेळ गप्प बसावे लागते. असो. तो विषय निराळा. चहा घेतला आणि पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने चर्नी रोडला आलो. आता गिरगावला भुयारी मेट्रोचेही स्थानक झाले आहे, २०२५ साली, पण आम्हाला जुनीच वाट ठाऊक.

चर्नी रोडला पूर्वेकडे उतरून लोकांना विचारत विचारत चालावे. "कांदेवाडी कुठे?" म्हटले की कोणीही बोट दाखवतो. कांदेवाडीतल्या त्या रस्त्याचे नाव खाडिलकर रोड. 'कीचकवध' आणि 'मानापमान' लिहिणारे, १९२३ साली 'नवाकाळ' काढणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, त्यांचे हे नाव. याच रस्त्यावर केशवजी नाईकांची चाळ आहे. १८९३ साली लोकमान्यांच्या हाकेनंतर मुंबईत पहिला सार्वजनिक गणपती बसला तो या चाळीत. चाळ आजही आहे आणि गणपतीही बसतो. आम्ही बाहेरूनच हात जोडले. पत्रिकेच्या कामाला निघालेल्या माणसाला गणपती वाटेतच भेटावा हे बरेच झाले म्हणायचे.

आणि मग ती दुकाने! आम्ही नऊ वाजताच पोचलो होतो, बरीचशी दारे बंद होती, म्हणून पायरीवर बसून राहिलो. एकेक फळी वर जाऊ लागली तसा पुतण्या उठून उभा राहिला. रस्त्याच्या कडेने एकाला लागून एक, पत्रिकांचीच दुकाने. काचेमागे लाल, केशरी, हळदी, मोरपिशी रंगाच्या पत्रिका भिंतीला टाचलेल्या. काही पुस्तकासारख्या उघडणाऱ्या, काही गुंडाळी करून नळीत घातलेल्या, जुन्या राजांच्या खलित्यासारख्या. काही पेटीत, आत सुक्या मेव्याला खण. लेझरने कातरलेल्या जाळीच्या, मखमल लावलेल्या. एका पत्रिकेच्या किमतीत आपल्याकडे एक माणूस पोटभर जेवेल अशाही होत्या, आणि साध्या कार्डाच्या, हळदी कागदावर कुंकवाच्या रंगात छापायच्या, त्याही होत्या. दिल्लीच्या चावडी बाजाराची जशी ख्याती आहे तशी मुंबईत या रस्त्याची.

एका दुकानात शिरलो. गादीवर बसलेल्या शेठनी विचारले, "या काका, बसा. किती पत्रिका? मुलाकडचे की मुलीकडचे?" एवढे विचारून त्यांनी समोर चार जाडजूड वह्या टाकल्या. प्रत्येक पानावर एक नमुना चिकटवलेला आणि खाली आकडा. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुतण्याला तीच ठाऊक नव्हती. दुकानात दिसते ती पत्रिका बहुतेक कोरी असते. गणपती, कलश, मोर, सोनेरी वेलबुट्टी एवढे तिच्यावर आधीच छापलेले असते, तेही हजारांच्या हिशेबाने, मोठ्या कारखान्यांत. तुमच्या घरचा मजकूर तेवढा नंतर छापतात. हा मजकूर दुकानदार स्वतः छापतोच असे नाही. तो मागच्या गल्लीतल्या एखाद्या गाळ्यात जातो.

शेठ भला माणूस. गर्दी नव्हती म्हणून पोऱ्याबरोबर आम्हाला तो गाळा पाहायला पाठवले. दहा बाय बाराची जागा. एका बाजूला जाळीची चौकट. रेशमासारखे बारीक कापड ताणून बसवलेले, त्यावर उजेडाने पक्का होणारा लेप. अक्षरांच्या जागी लेप धुऊन जातो, बाकी जागी राहतो. वरून शाई ओतायची, रबरी पट्टीने ओढायची, आणि खालच्या कार्डावर अक्षरे उमटतात. एक पोरगा पट्टी ओढतो, दुसरा ओले कार्ड उचलून मांडणीवर वाळत ठेवतो. कोपऱ्यात जुने ट्रेडल यंत्र धडधडत होते. पूर्वी त्याच्यावर शिशाच्या खिळ्यांनी पत्रिका छापत. आता त्याच यंत्रावर साचा बसवून सोनेरी पन्नी दाबतात, नाही तर कार्डाला नक्षीचे काप देतात. म्हातारा बैल नांगराला चालत नसला तरी मोटारीच्या काळातही गाडीला चालतो, तसे.

खिळ्यांवरून आठवले. मुंबईत मराठी छपाईची पेठ बसली ती याच गिरगाव-काळबादेवीच्या अंगाने. गणपत कृष्णाजी यांनी स्वतः खटपट करून छापखाना उभा केला आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्याआधी पंचांग हाताने लिहिलेले असे, ते जोशीबुवांच्या घरी. छापलेले पंचांग घराघरांत गेले. पुढे जावजी दादाजी हे लहान वयात मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. शिकत शिकत त्यांनी १८६४ साली खिळे ओतण्याचा आपला कारखाना काढला, आणि १८६९ साली काळबादेवीजवळ कोलभाट गल्लीत निर्णयसागर छापखाना. त्या खिळ्यांच्या अक्षराचे वळण इतके सुबक की आजही जुनी पोथी पाहिली तर डोळा ठरतो. देवनागरी जुळवायला इंग्रजीसारखे थोडक्यात भागत नाही. जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या मिळून शेकडो खिळ्यांची घरे, आणि जुळारी न पाहता हात घालून नेमका खिळा उचलत असे.

आता खिळे गेले, संगणक आला. पण अक्षराचे दुखणे गेले नाही. आमचाच अनुभव सांगतो. पुतण्याने मजकूर घरून फोनवर लिहून आणला होता. तो दुकानातल्या संगणकावर घेतला आणि छापील नमुना हातात आला तर 'कऱ्हाड'चे झाले होते 'कर्हाड' आणि 'वऱ्हाडी'चे 'वर्हाडी'. दुसऱ्या एका ओळीत 'श्र' फुटून दोन तुकडे झालेले. कारण असे की फोनवरची अक्षरे एका पद्धतीने साठवलेली असतात आणि छपाईवाल्यांचे बरेच जुने फाँट दुसऱ्या पद्धतीचे. एकातून दुसऱ्यात जाताना अर्धा 'र' हमखास घसरतो. 'ल' आणि 'श' यांचेही तसेच. आपल्या मराठी वळणाचे हवे असतील तर आधी सांगावे लागते, नाही तर हिंदी वळणाचे येतात. पुतण्याने ते पाहताच पकडले, संगणकापुढे बसायची परवानगी मागितली, आणि पंधरा मिनिटांत सगळे दुरुस्त करून दिले. शेठ चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "काका, असा पोरगा आम्हाला मिळत नाही. यंत्र चालवणारे मिळतात."

हे वाक्य मी मनात ठेवले.

अक्षराच्या चुकीला तुम्ही हसू नका. आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, फार वर्षांपूर्वी, एका छापखान्याने आजोबांच्या नावामागे 'श्री.'ऐवजी 'कै.' छापले होते. आजोबा ओसरीत तंबाखू मळत बसलेले! आठशे पत्रिका. पुन्हा छापायला पैसा नव्हता. मग आम्ही भावंडांनी कंदिलाच्या उजेडात ब्लेडने तेवढे अक्षर खरडून शाईने 'श्री.' लिहिले. आजी तीन दिवस कोणाशी बोलली नाही. आजोबा मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "छापील मेलो, खरा आहे."

दुपारी शेठनीच आम्हाला एक पत्ता दिला. "लालबागला एक बाई आहेत. यंत्र नाही, दुकान नाही, पण पत्रिका बघाल तर बघत राहाल. पोराला तिथे न्या." बस पकडून लालबागला गेलो. भायखळ्यापासून पुढे तुमच्या डोळ्यांसमोर गिरण्यांची धुराडी उभी राहिली असती, जर तुम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी गेला असता. आता बहुतेक जागी काचेचे मनोरे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून बसल्या. आपल्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची किती घरे त्या पगारावर चालत होती ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

त्या बाईंचे सासरेही गिरणीत साच्यावर होते. संपानंतर सासूबाईंनी मसाले कांडून, डबे देऊन घर ओढले. सूनबाईंनी चित्रकलेचा कोर्स केलेला. चाळीतल्या एका खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर संगणक, नमुना काढण्यापुरते छोटे यंत्र, कागद कापायची पाटी आणि घडी पाडायची हाडाची पट्टी. "बसा तात्या," म्हणत त्यांनी आधी पाण्याचे तांबे पुढे केले. भांडवल बस एवढेच. मजकूर त्या मांडतात, चित्र त्या काढतात, छपाई बाहेरून करून आणतात, आणि घड्या घालणे, दोरे ओवणे, पाकिटे चिकटवणे यासाठी चाळीतल्या चार बायका दुपारच्या येतात.

पुतण्याने यंत्राचा विषय काढला. बाईंनी कागद घेतला आणि हिशेब मांडून दाखवला. तो तुम्हीही बघा. समजा कोरी पत्रिका आठ रुपयांना पडली. जाळी तयार करणे, शाई लावणे, जुळवणे याचे आठशे रुपये. ते शंभर छापा की पाचशे, तेवढेच लागतात. वर छापण्याची मजुरी नगाला रुपया. तर शंभर पत्रिकांचे झाले सतराशे, म्हणजे नग सतरा रुपयांना. पाचशेंचे झाले त्रेपन्नशे, नग साडेदहाच्या थोडा वर. "आता भाऊ, पूर्वी माणसे हजार पत्रिका छापत. आता निम्म्या लोकांना फोनवरच चित्र पाठवतात आणि हाती द्यायला दोनशे घेतात. नग कमी झाले की यंत्र उपाशी राहते. माझे यंत्र नाही, म्हणून मला दोनशेच्या कामातही परवडते. मी मांडणीचे वेगळे पैसे घेते. फोनवर पाठवायची पत्रिका केली तरी मांडणी लागतेच."

मग त्यांनी हंगाम सांगितला. तुळशीचे लग्न लागले की आपली लग्ने सुरू, ती आषाढापर्यंत. पौषात मंदी. चातुर्मासात काही नाही. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने येतो, त्याला चातुर्मास नाही. त्या काळात बाई बारशाच्या, वास्तुशांतीच्या, सत्यनारायणाच्या पत्रिका करतात. लालबाग-परळच्या गणेश मंडळांच्या पावत्या, अहवाल, कार्यक्रमपत्रिका यांवर त्यांचा श्रावण-भाद्रपद निघतो.

आणि दिवाळीची भेटकार्डे? मीच विचारले, कारण आमच्या लहानपणी संक्रांतीला तिळगुळाबरोबर रंगीत कार्ड येई आणि आम्ही ते भिंतीला चिकटवत असू. बाई हसल्या. पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत हाताने रंगवलेली कार्डे, वारली चित्रांची, पणत्यांची, एकेक असे की हातातून ठेववेना. "एका वर्षी तीनशे केली, दादरला रानडे रोडच्या गर्दीत मांडून बसले. निम्मी राहिली ती ही. आता कार्डे मी आधी मागणी आल्याशिवाय करत नाही. कचेऱ्या मागतात, आपल्या नावाची छापून. दुकानात ठेवून विकायला करू नका भाऊ. दिवाळी एक दिवस पुढे गेली की त्या कार्डाला रद्दीचाही भाव येत नाही." त्या पेटीतली दोन त्यांनी आम्हाला भेट दिली.

त्यांची कामाची शिस्त मला फार आवडली. मजकूर घरातल्या वडील माणसाच्या हस्ताक्षरात घ्यायचा. नमुना काढला की दोघांनी मोठ्याने वाचायचा, एक मुलाकडचा, एक मुलीकडचा, आणि खाली सह्या करायच्या. तिथी, वार आणि तारीख पंचांगाशी ताडून पाहायची. निम्मे पैसे आधी घेतल्याखेरीज जाळी बनवायची नाही, कारण लग्न मोडले तर त्या पत्रिका कोण नेणार? आणि वधूचे वय अठरा, वराचे एकवीस पुरे आहे ना, हे विचारायचे. "कागद दाखवा म्हणते. रागावतात काही जण. जाऊ देते ते काम."

निघताना मी आमची यादी त्यांच्यापुढे ठेवली. तुम्हाला ठाऊकच आहे आपली गावाकडची पत्रिका. आशीर्वाद, निमंत्रक, संयोजक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक, समस्त ग्रामस्थ, भावकी, मित्रमंडळ, आणि शेवटी लहान पोरांचे, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं. एकूण एकशे बारा नावे. शहरातली माणसे अशा पत्रिकेला नाक मुरडतात. मला वाटले बाईही हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि पुतण्याला विचारले, "यातली भांडणे कोणाकोणात आहेत ते सांगा." मग कोण कोणाच्या शेजारी नको, कोणाला ओळीच्या आरंभी ठेवायचे, विधवा चुलतीचे नाव निमंत्रकांत पहिले का घेऊ नये, असे करत दोघांनी मिळून तासाभरात मांडणी केली. चुलतीचे नाव पहिले आले. घरात कोणाला ते सुचले नव्हते, मलाही नाही. दोन बाजूंना नावे आणि मध्ये मुहूर्ताला मोकळी जागा, अशी ती एकशे बारा नावांची पत्रिका दाटीची वाटेना.

बाई म्हणाल्या, "हे काम मुंबईतल्या माणसाला जमणार नाही भाऊ. तुमच्या तालुक्यातली भावकी तुम्हालाच माहीत."

कोरी पत्रिका आम्ही गिरगावातलीच साधी घेतली, हळदी रंगाची. पाचशे. छपाई शेठकडेच झाली आणि चार दिवसांनी गठ्ठा एस. टी.च्या पार्सलने आला. त्या रात्री परळहून गाडी पकडली. पुतण्या खिडकीशी बसून मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहीत होता. पनवेल गेले तेव्हा मला म्हणाला, "तात्या, संगणक घरात आहेच. नमुने काढायचे यंत्र आणि नमुन्यांच्या दोन वह्या एवढ्याने सुरुवात होईल. छपाई साताऱ्याला करून आणीन." मी म्हटले, "दादांना तूच सांग."

त्याने सांगितले. दादा थोडा वेळ अडकित्ता चाळवत बसले, मग म्हणाले, "बरं." अडीच लाखांच्या यंत्राचा विषय तिथेच राहिला.

पत्रिका आल्या त्या दिवशी वहिनींनी पहिल्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून ती देव्हाऱ्यात कुलस्वामीपुढे ठेवली. दुसरी घेऊन त्या स्वतः चुलतीच्या घरी गेल्या. चुलतीला वाचता येत नाही. आपले नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला लावून तिने त्या जागेवर हात फिरवला आणि विचारले, "सगळ्यांच्या वर कोणी घातलं?"

वैशाखापर्यंत पुतण्याकडे गावातल्याच सहा लग्नांची कामे आली. पैकी एका पत्रिकेत त्याने 'दशमी'च्या जागी 'दशमि' छापले, ते मी पकडले. तेव्हापासून तोही दोघांकडून वाचून घेऊन सही घेतो. पहिली सही वहिनींची असते, धार काढून आल्यावर.